धन, वैराग्य आणि देवाचा दरबार

लातूरच्या गंजगोलाईंत उभें राहिलें म्हणजे सोळा बाजूंना सोळा रस्ते फुटलेले दिसतात. सराफांच्या पेढ्या, कापडाचीं दुकानें, दिवसभर चाललेली देवघेव आणि मध्यभागीं अंबाबाईचें देऊळ. या गोलाईची मधली इमारत १९१७ सालीं उभी राहिली. त्याच सालीं तिकडे अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेंत असलेल्या एका पंचावन्नी ओलांडलेल्या गृहस्थानें आपला ठरलेला पगार सोडून दिला. लातूरच्या बाजारपेठेशीं या गृहस्थाचा कांहीं संबंध नव्हता. परंतु एकाच वर्षीं एकीकडे लक्ष्मीला मंदिर मिळावें आणि दुसरीकडे कोणी तिला निरोप द्यावा, हा योग लक्षांत राहण्यासारखा आहे. हे गृहस्थ म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळकांचा मोठा त्याग म्हणून सामान्यतः १८९५ सालची गोष्ट सांगितली जाते. १० फेब्रुवारीस मुंबईंत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, आणि घर, जात, आप्तेष्ट, कांहीं वर्षें पत्नीहि दुरावली. हा त्याग लहान नव्हे. परंतु त्यानंतर मिशनचें छत्र मिळालें, दरमहा वेतन मिळालें, धर्मोपदेशकाचा मान मिळाला. आणि नेमका येथेंच पेंच होता. उपदेशक भक्तीनें बोलतो कीं पगारासाठीं, ही शंका ऐकणाऱ्याच्या मनांत येणारच. विशेषतः पगार परदेशांतून येत असेल तर. एका आवेगांत सर्वस्व सोडणें एक वेळ जमतें. उतारवयांत, बायकामुलें असतां, पहिल्या तारखेची निश्चिंती सोडणें अधिक कठीण.

शुभवर्तमानांत एका श्रीमंत तरुणाची कथा आहे. सर्व विकून दरिद्र्यांस दे, असें येशूनें सांगतांच तो खिन्न होऊन निघून गेला. पण त्याच शुभवर्तमानांत जक्कय नांवाचा जकातदारहि आहे. त्याला कोणी कांहीं मागितलें नाहीं. त्यानें आपण होऊन अर्धी मालमत्ता गरिबांस देऊं केली, ज्यांना लुबाडलें त्यांना चौपट परत करूं म्हणाला, आणि आपल्याच घरीं राहिला. तेव्हां ख्रिस्ती वैराग्याला एकच माप नाहीं. पंडिता रमाबाईंच्या हातून केडगांवच्या मुक्तिसदनांत केवढा तरी पैसा गेला. दुष्काळांतून आणलेल्या शेंकडों मुलींचीं पोटें त्यावर भरलीं. त्या पैशांत राहूनहि त्या विरक्तच राहिल्या.

मराठी माणसाला हा विषय परका वाटूं नये. तुकोबांनीं कर्जखतें इंद्रायणींत बुडविलीं, पण आपल्या वाट्याचीं तेवढींच. भावाचीं भावाला देऊन टाकलीं, ही परंपरागत कथा सर्वांस ठाऊक आहे. दुसऱ्याचें बुडवून कोणी विरक्त होत नाहीं, हा तींतील बारकावा मात्र पुष्कळांच्या नजरेंतून सुटतो. तुकोबांच्याच वाटेनें आपण ख्रिस्तापर्यंत पोंचलों, असें टिळक मानीत.

पगार सोडल्यावर त्यांनीं ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाहि त्यांत ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. नांदेडकरांना ‘दरबार’ शब्दाचा अर्थ वेगळा सांगावयास नको. १७०८ सालीं गुरु गोविंदसिंहांनीं जेथें देह ठेवला, त्या गोदातीरावरील लंगरांत आजहि सावकार व मजूर एकाच पंगतीस बसतात.

परंतु एक प्रश्न उरतो. टिळक संन्यासी झाले, तरी संसार टाकून गेले नाहींत. मग चूल कोणी पेटवावयाची? घरांत आलेला पैसा टिळकांच्या हातीं टिकत नसे, याचीं चित्रें लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत पानोपानीं आहेत. तीं वाचतांना हंसूं येतें, आणि मागाहून पोटांत कालवतें. देणाऱ्याचें नांव झालें. डब्यांतील पीठ मोजणारी कोणी वेगळीच होती. त्या वैराग्यांतील निम्मा वांटा लक्ष्मीबाईंचा होता, असें म्हटल्यावांचून हिशेब पुरा होत नाहीं.

९ मे १९१९ रोजीं मुंबईंत टिळक वारले. दरबाराला दोन वर्षेंहि झालीं नव्हतीं. मागें राहिलें तें मुख्यतः अपुरें ‘ख्रिस्तायन’. त्याचे दहा-अकरा अध्यायच त्यांच्या हातून झाले होते. शाळेंत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनीं पुढचे चौसष्ट अध्याय रचले. ग्रंथ १९३८ सालीं छापून आला. त्यापूर्वीं दोन वर्षें, १९३६ सालीं, त्या निवर्तल्या होत्या.