परिचारिकेचे ज्ञान आणि तिचा अधिकार



१९४५ साली नोबेल व्याख्यानात अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी इशारा दिला होता, की पेनिसिलिन अपुऱ्या मात्रेत घेतले तर जंतू त्याला दाद देईनासे होतील. तो इशारा खरा ठरला. २०१९ या एका वर्षात अशा जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज २०२२ साली ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केला.

रुग्णालयात हे जंतू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातात ते प्रामुख्याने हातांवरून. मग दोष परिचारिकेच्या अज्ञानावर ढकलला जातो. परंतु १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी हात धुण्याचा नियम घातला, तो डॉक्टर व विद्यार्थ्यांना. सुइणींच्या विभागात बाळंतिणी तुलनेने कमीच दगावत होत्या.

परिचारिकेला ज्ञान दिलेच पाहिजे. कोणता जंतू कोणत्या औषधाला जुमानत नाही, तपासणीचा नमुना शक्यतो औषध सुरू करण्यापूर्वीच का घ्यावा, हे तिला ठाऊक हवे. पण प्रयोगशाळेचा अहवाल तिच्यापर्यंत पोहोचतच नसेल, नळाला पाणी नसेल, सारी रात्रपाळी एकटीच्या माथी असेल, तर त्या ज्ञानाने काय साधणार?

म्हणून शिक्षणाबरोबर पुरेशी भरती, प्रत्येक कक्षात पाणी व साबण आणि संसर्ग-नियंत्रण समितीत परिचारिकेला बरोबरीचे स्थान, ही मागणी चळवळीने हाती घेतली पाहिजे. सार्वजनिक रुग्णालयाखेरीज ज्याला दुसरा आसरा नाही, त्या रुग्णाचा जीव तिच्यावर अवलंबून आहे.