मुठेच्या पाण्यामागून



शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की पुणेकरांच्या गाड्यांची तोंडं पश्चिमेला नाहीतर दक्षिणेला वळतात. लोणावळा, महाबळेश्वर, ताम्हिणीमार्गे कोकण. जुन्या देवळांची हौस असलेले बदामी-हंपीचा बेत आखतात आणि अर्धी सकाळ खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर काढतात. पूर्वेला फारसं कुणी जात नाही. आपल्या लेखी पूर्व हडपसरला संपते. त्यापुढे सोलापूरकडे कुणाचं लग्न असेल तर गोष्ट वेगळी. मी आज तुम्हाला तिकडेच धाडणार आहे, आणि वाट दाखवायला आपली मुठा आहे.

आधी घराजवळचं पाताळेश्वर. जंगली महाराज रस्त्यावरून रोज जाणाऱ्यांपैकी कितीजण आत उतरतात कुणास ठाऊक. आठव्या शतकातली, राष्ट्रकूट काळातली ही लेणी; वेरूळचं कैलास खोदलं गेलं तेही याच राजवटीत. अंगणातला नंदीचा गोल मंडप बघा, छत्रीसारख्या छताचा. खांब मात्र चौकोनी, जाडजूड, जवळजवळ बिननक्षीचे. काम अपुरंच राहिलं. हे साधेपण डोळ्यांत साठवून निघा, कारण पुढे त्याच काळ्या दगडाचं निराळंच रूप दिसणार आहे.

मुठा संगमावर मुळेला मिळते आणि थेऊरला वळसा घालून ही मुळा-मुठा सोलापूर रस्त्याच्या डाव्या हाताने वाहत राहते. तुम्ही यवतला उजवीकडे वळा. हो, तेच यवत, तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामाचं, वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढणारं. तिथून डोंगरावर भुलेश्वर. फोनवर नुसतं ‘माळशिरस’ टाकू नका. भुलेश्वरच्या पायथ्याचं माळशिरस पुरंदर तालुक्यातलं, आणि फोन नेईल सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरसला!

भुलेश्वर बाहेरून देऊळ वाटतच नाही. भिंती उंच आणि सपाट, वर चुन्यातले घुमट. 1630 च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणं उद्ध्वस्त केलं आणि या डोंगरावर दौलतमंगळ नावाचा किल्ला उभारला, हे देऊळ पोटात घेऊन. अंधाऱ्या पायऱ्या चढून आत गेलात की यादवकाळात शिराल. भीष्माची शरशय्या आहे, कीर्तिमुखं आहेत, आणि भिंतीवर वरच्या अंगाला स्त्रीरूपातला गणपती आहे. पुष्कळ मूर्तींची तोंडं फोडलेली आहेत, हात गेलेले आहेत. तरी कमरेचा बाक आणि दागिन्यांची कड पाहण्यासारखी. बॅटरी जवळ ठेवा. आणि कृपा करून इथे दोन तास काढा. दिवसाला सहा देवळं उरकणाऱ्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही, फक्त त्यांच्या गाडीत बसायचं नाही.

बाहेर येऊन तटावर उभे राहा. ही डोंगररांग पाणी वाटून देते. उत्तरेच्या उतारावर पडलेला पाऊस मुळा-मुठेत जातो, दक्षिणेचा कऱ्हेत. पुढे मुळा-मुठा भीमेला मिळते आणि कऱ्हा नीरेला. या दोघींची गाठ कुठे पडते ते सांगतो.

दौंडला भीमा ओलांडा. पलीकडे अहिल्यानगर जिल्ह्यातलं पेडगाव, तिथला बहादुरगड. 1689 मध्ये कैदेतल्या संभाजी महाराजांना औरंगजेबाच्या छावणीत आणलं ते इथेच, म्हणून लोक येतात. त्यांना नदीकाठचं लक्ष्मीनारायणाचं देऊळही दाखवायला हवं. बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी उन्हं कलली की उठून दिसतात. मुक्कामाला सिद्धटेक जवळ आहे.

आता पळसदेव. तिथे काय दिसेल हे तुमची सुट्टी कुठल्या महिन्यातली यावर ठरतं. 1980 च्या सुमारास उजनी धरण झालं. जुन्या पळसदेव गावाला उठावं लागलं, देव नव्या गावात आला, पळसनाथाचं देऊळ पाण्यात राहिलं. उजनीचा एकूण साठा सुमारे 117 टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृत साठा. पाणी त्या मृत साठ्यात उतरलं, म्हणजे धरण ‘मायनस’मध्ये गेल्याची बातमी आली की देऊळ उघडं पडू लागतं. म्हणजे 1 मेची सुट्टी जोडून आली आणि वर्ष कोरडं असलं, तर कोरड्या मातीतून चालत वीरगळ बघता येतील. भरल्या धरणात होडीवाल्याच्या बोटाकडे बघायचं आणि मान डोलवायची. 26 जानेवारीला गेलात तर भिगवणच्या पाणथळीत रोहित पक्षी आणि ताटात उजनीचा मासा.

हे पाणी येतं कुठून? आपल्याकडून. खडकवासल्यातून विसर्ग वाढतो, भिडे पूल पाण्याखाली जातो, आपण फोटो काढतो. तेच पाणी दौंडवरून उजनीत उतरतं आणि पळसनाथाचा कळस झाकतं. सोबत आपलं सांडपाणीही नेतं, उजनीचा हिरवा रंग पुष्कळसा आपलाच आहे. देवळांबद्दल बोलताना हे बोलू नये असा संकेत असेल, तर मी तो मोडला.

शेवटचा टप्पा नीरा-नरसिंहपूर, इंदापूर तालुक्याचं आणि पुणे जिल्ह्याचंही टोक. आजची देवळाची वास्तू पेशवाईतली, ‘प्राचीन’च्या यादीत न बसणारी. पण भुलेश्वराच्या डोंगरावरून दोन बाजूंना उतरलेलं पाणी इथे, नीरा-भीमेच्या संगमावर, एक होतं. घाटावर उतरून ते बघा, आणि सोमवारी दुपारच्या आत परतीला लागा. लोणी काळभोर ते हडपसर हा रस्ता संध्याकाळी कुणालाच सोडत नाही.