“त्यांना चालेल” म्हणण्यापूर्वी
(रत्नागिरी येथे हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



पाड्यांवर शिधा पाठवायची वेळ आली, की एक वाक्य हमखास कानी येतं. “जरा वास येतोय, पण त्यांना चालेल.” आज मी या ‘चालेल’विषयीच बोलणार आहे.

1974 साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत दीडशेहून अधिक गावांत काविळीची साथ आली. माणसं बहुतेक भिल्ल; आपल्या नंदुरबारच्या भिल्लांचीच भाऊबंद. डोळे पिवळे, पोटात पाणी. नोंदलेल्या 397 रुग्णांपैकी 106 दगावले. त्या घरांतली कुत्रीही तशीच मेली, आणि बोट अन्नाकडे वळलं. काढणीच्या सुमारास अवेळी पाऊस झाला होता, मका ओला राहिला, त्यावर बुरशी चढली. घरात दुसरं धान्य नव्हतं, म्हणून तोच खाल्ला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तपासात त्या मक्यात अफ्लाटॉक्सिन हे विष सापडलं. ते यकृतावर घाला घालतं, आणि थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो.

ही बुरशी म्हणजे अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस. मातीत ती सगळीकडे असते, पण विष सदासर्वकाळ करत नाही. विष तयार करणारी पंचवीसएक जनुकं तिच्या एका गुणसूत्रावर शेजारी शेजारी बसलेली आहेत, आणि ‘एएफएलआर’ नावाचं जनुक त्यांना कामाला लावतं. त्याच्याही वर मुकादम आहेत. 2008 मध्ये जर्मनी आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी याच कुळातल्या दुसऱ्या एका बुरशीत दाखवलं, की अंधार झाला की ‘व्हीए’ हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि दोन सोबत्यांना धरून बुरशीची वाढ आणि तिची रसायनं दोन्ही एकदम हाताळतं. आपल्या विषारी बुरशीत व्हीएचं जनुक काढून टाकलं, तर विषही होत नाही आणि कठीण काळात तग धरणाऱ्या तिच्या टणक गुठळ्याही होत नाहीत. मला यातलं हेच सर्वांत नवल वाटतं: जगून राहण्याची तयारी आणि विष, दोन्ही एकाच हाताखाली.

आता ऊब आणि दमटपणा यांची आपल्याकडे काय वाण? चार महिने पाऊस, कुडाच्या भिंती, जमिनीवर टेकलेलं पोतं. जुन्या माणसांनी बियाण्याची मुडी चुलीवर धुरात टांगली, ती उगीच नव्हे.

एकदा विष झालं, की दाणे धुऊन, उन्हात टाकून किंवा शिजवून ते जात नाही. भाजलेल्या शेंगदाण्याला खमंग वास आला तरी आत ते असू शकतं. म्हणून वाळवायचं ते आधी, काढणी झाल्याबरोबर. आणि शेंगदाणे निवडताना सुरकुतलेले, काळपटलेले, फुटके, बुरसटलेले दाणे बाजूला काढायचे. ते कोंबड्यांनाही घालू नका. पोल्ट्रीवाल्यांना विचारा; 1960 मध्ये इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी अशाच शेंगदाण्याच्या पेंडीने मेले, तेव्हा तर या विषाचा शोध लागला.

माझी विनंती एवढीच आहे. या वर्षी धान्याची दोन पोती कमी घेऊ, पण प्रत्येक पाड्याला वाळवणासाठी एक चांगली ताडपत्री आणि पोती जमिनीपासून वर ठेवायला फळ्या देऊ. शेंगदाणे निवडायला शनिवारी सकाळी किती जणी येऊ शकतील, ते मला आत्ता जेवणाच्या आधी सांगा.