महानगर आणि बोलीचे हेल

(मठाच्या वर्धापनोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)





दर बारा कोसांवर भाषा बदलते, अशी एक जुनी म्हण आहे. ही म्हण पायी चालणाऱ्यांच्या काळची होय. वाटेत नदी लागे, घाट लागे, अरण्य लागे. पलीकडच्या गावी पोहोचेपर्यंत पाण्याची चव बदले आणि त्याबरोबर बोलण्याचा हेलही बदले. महानगराने हा हिशेब मोडून टाकला. मुंबईतील एखाद्या चाळीच्या एकाच जिन्यावर मालवणचा, साताऱ्याचा, फोंड्याचा आणि कारवारचा हेल एकाच सकाळी ऐकू येत असे. आणि त्याच जिन्यावर खेळून मोठ्या झालेल्या मुलांची मुले आज बोलू लागली, म्हणजे यातील कोण कोठला हे ओळखणे कठीण होते. हे हेल कसे विरतात, कोठे टिकतात आणि का टिकतात, हा प्रश्न केवळ भाषापंडितांचा नव्हे. मठाच्या शिष्यवर्गातील घराघरांतून तो उभा आहे.

हेल म्हणजे केवळ शब्दसंग्रह नव्हे. शब्द सहज उसना घेता येतो आणि सहज टाकताही येतो. हेल हा स्वरांत, आघातांत, वाक्याच्या चढउतारांत असतो. कोळी व आगरी लोकांच्या बोलण्यात ळकाराचा लकार होतो. ‘काळा’ तेथे ‘काला’ आणि ‘डोळा’ तेथे ‘डोला’ असतो. घाटावरील खेड्यांत ‘वेळ’ची ‘येळ’ आणि ‘विस्तवा’चा ‘इस्तू’ होतो. मालवणकडील माणूस ‘खय’ म्हणून विचारतो आणि ‘इलंय’ म्हणून उत्तर देतो. गोमंतकीयाच्या तोंडी अकार किंचित गोल होऊन येतो. शुद्ध पुस्तकी मराठी बोलतानाही तो गोलावा त्याची ओळख सांगून जातो.

हे सर्व मुंबईत एकत्र कसे आले, ते थोडक्यात पाहणे अगत्याचे आहे. इंग्रजांच्या आगमनापूर्वीपासून या बेटांवर कोळी, आगरी, पाठारे प्रभू आदी समाज आपापल्या बोली बोलत होते. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली; १८५४ साली पहिली कापडगिरणी स्थापन झाली. पुढील काही दशकांत त्या काळच्या अखंड रत्नागिरी जिल्ह्यातून आणि साताऱ्याकडून हजारो माणसे गिरणगावात आली. गोव्याहून आलेले लोक गिरगाव, धोबीतलाव, माझगाव या भागांत राहिले. गोमंतकीय ख्रिस्ती खलाशांनी गावोगावचे ‘कूड’ स्थापिले. तेथे एका गावच्या माणसाला गावचेच सोबती मिळत.

मठाच्या शिष्यवर्गाची कथा याहून अधिक लांबची आहे. सोळाव्या शतकात गोव्यावर धार्मिक संकट कोसळले, तेव्हा अनेक कुटुंबांनी देवमूर्ती घेऊन स्थलांतर केले. कोणी नदी ओलांडून अंत्रुज महालात आले, कोणी कारवार-मंगळूरकडे गेले, कोणी थेट कोचीपर्यंत पोहोचले. पांगलेली माणसे ज्या भूमीत वसली, त्या भूमीचा सूर त्यांच्या कोकणीने घेतला. गोव्यातला ‘देव’ मंगळूरकडील सारस्वतांच्या मुखी ‘देवु’ आहे. शब्दान्तीचा तो ऱ्हस्व उकार तेथे आजही ऐकू येतो. कोकणी ही स्वतंत्र भाषा असून १९९२ साली तिला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. परंतु तिचे हे निरनिराळे हेल शेकडो वर्षांच्या ताटातुटीनंतर पुन्हा एकमेकांच्या कानी पडले, ते मुंबईसारख्या महानगरात. मठाच्या उत्सवात पंक्तीला बसलेल्या दोन वृद्धांनी एकमेकांचे दोन शब्द ऐकून ‘आपण मूळचे कोठले?’ असे विचारावे, यात केवढा इतिहास सामावलेला असतो!

मग हे हेल विरतात कसे? मूल भाषा आईबापांकडून शिकते हे खरे. पण हेल ते बहुतांशी सवंगड्यांकडून घेते. अंगणात, शाळेत, मैदानावर ज्यांच्याशी त्याचा दिवस जातो, त्यांच्यासारखे ते बोलू लागते. पहिली पिढी गावचा हेल अखेरपर्यंत सोडू शकत नाही. दुसरी पिढी घरी एक आणि बाहेर दुसरा असे दोन हेल वागविते. तिसऱ्या पिढीला आजीचे बोलणे समजते, परंतु तसे बोलता येत नाही. प्रत्येक घरी हे याच क्रमाने घडते असे नाही. तथापि शिष्यवर्गातील पुष्कळांना आपल्या घराचे चित्र यात दिसेल.

दुसरे कारण प्रतिष्ठेचे आहे. न्यूयॉर्क शहरात १९६२ साली विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाने तीन मोठ्या दुकानांत एक साधी पाहणी केली. एक दुकान श्रीमंतांचे, दुसरे मध्यम वर्गाचे आणि तिसरे स्वस्त मालाचे होते. उत्तरात ‘फोर्थ फ्लोअर’, म्हणजे ‘चौथा मजला’, हे शब्द यावेत असा प्रश्न तो विक्रेत्यांना विचारी. त्या शहराच्या जुन्या उच्चारात या शब्दांतील रकार लोपत असे. श्रीमंती दुकानात रकार अधिक ऐकू आला, स्वस्त दुकानात कमी. आणि न ऐकल्याचा बहाणा करून पुन्हा विचारताच रकाराचे प्रमाण वाढले. याचा अर्थ असा की, माणूस सावध झाला म्हणजे प्रतिष्ठितांचा उच्चार धारण करतो. मुंबईतही हेच घडले. वर्गात ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला सोबती हसले की ते मूल दुसऱ्या दिवशी ‘पाणी’ म्हणू लागते. ‘पाणी’ शिकण्यात वाईट काहीच नाही. वाईट एवढेच की, त्याबरोबर आपल्या आईच्या बोलण्याची लाज बाळगायलाही ते शिकते.

असे असूनही काही ठिकाणी हेल चिवटपणे टिकतात. बेलफास्ट शहरातील तीन कामगार वस्त्यांचा अभ्यास करून लेस्ली मिलरॉय या विदुषीने १९८० साली ग्रंथरूपाने दाखविले की, जेथे शेजारी, नातलग आणि कामावरचे सोबती हे एकच असतात, तेथे स्थानिक बोली बळकट राहते. मुंबईचा अनुभव याला साक्ष आहे. गिरणगावात एकाच गावची माणसे एका खोलीत राहत, एका खात्यात काम करीत, एका भजनी मंडळात टाळ धरीत. गावदेवीस १९१५ साली सारस्वतांनी सहकारी गृहरचना संस्था उभारली. अशा वसाहतींतून दारात उभे राहूनही आपली बोली कानी पडे. पुढे १९८२ च्या संपानंतर गिरण्या ओस पडत गेल्या. कामगारांची कुटुंबे गावी परतली किंवा कल्याण, बदलापूर, विरारकडे पांगली. खोली, खाते आणि भजन यांची गाठ सुटली, तशी हेलाचीही पकड सैल झाली. कोळीवाड्यांत मात्र घर, समुद्र आणि बाजार अजून बरेचसे एकत्र आहेत. तेथे जुना हेल आजही ताजा वाटतो.

परंतु जुने हेल विरले म्हणजे शहर एका सुरात बोलू लागते, असे मानणे चुकीचे ठरेल. जुन्या भेदांची जागा नवे भेद घेतात. ‘मी म्हणालो’ऐवजी ‘मी बोललो’ म्हणणारी मुंबईची अशी एक मराठी तयार झाली आहे. इंग्रजी शाळांत वाढलेल्या अनेक मुलांच्या तोंडी ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील दोन निराळे चकार एक होऊ लागले आहेत. ज्या ळकारावरून कोळ्याला हसले जाई, तो ळकार सुशिक्षितांच्या घरीही लकाराकडे झुकू लागला आहे. पूर्वी बोलण्यावरून गाव कळत असे. आता शाळा, उपनगर आणि घरची सांपत्तिक स्थिती कळते.

यात हानी कोणती? चित्पावनी बोलीचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. तिचे बोलणारे पुण्या-मुंबईस विद्येने व अधिकाराने पुढे आले; पण प्रमाण मराठीचा अभिमान वाहताना घरची सानुनासिक बोली त्यांच्या शहरी घरांतून जवळजवळ नाहीशी झाली. आज ती ऐकावयाची तर गोव्याच्या सत्तरीसारख्या भागात जावे लागते. म्हणजे प्रतिष्ठा मिळाल्यानेही बोली वाचत नाही; ती बोलल्याने वाचते. आणि बोली गेली म्हणजे केवळ उच्चार जात नाहीत. आजीने रागावून म्हटले की लाडाने, हे ज्या चढउतारावरून कळावयाचे, तो चढउतारच नातवाला परका होतो.

संतांनी याबाबत घालून दिलेला धडा विसरण्याजोगा नाही. एकनाथमहाराज संस्कृताचे पंडित होते. तरी भारुडांत त्यांनी जोशी, वासुदेव, गोंधळी अशा नाना लोकांच्या तोंडून परमार्थ वदविला. कोणाच्या बोलण्याला त्यांनी हीन मानले नाही.

महानगराचा ओघ कोणी थांबवू शकणार नाही, आणि थांबविण्याचे कारणही नाही. परंतु मठ हे असे स्थान आहे की, जेथे नातलग, शेजारी आणि साधनेतील सोबती आजही एकत्र येतात. जे काम पूर्वी चाळीने केले, ते काही अंशी मठाला करता येईल. उत्सवाच्या स्वयंपाकघरात, पंक्तीत, कीर्तनानंतरच्या गप्पांत वडीलधाऱ्यांनी आपल्या हेलात मोकळेपणाने बोलावे. मुलांनी चुकतमाकत उत्तर दिले तर कोणी हसू नये. मंगळूरचा ‘देवु’ आणि अंत्रुजचा ‘देव’ एकाच गाभाऱ्यापुढे उच्चारले जावोत, आणि ते ऐकून समजणारे कान पुढील पिढीतही असोत, हीच श्रीचरणी प्रार्थना.