अवधचा मळेवाला आणि गोव्याचा कादंबरीकार
(आलमबाग, लखनौ येथील भाषण)



वाजिद अली शाहने बांधलेली ही आलमबाग १८५७ च्या संग्रामात इंग्रज फौजेचा तळ बनली. जनरल हॅवलॉकची कबर येथेच आहे. त्या संग्रामावर नऊ वर्षांच्या आत एका भारतीयाने कादंबरी लिहिली, आणि तीही पोर्तुगीज भाषेत, हे मराठी वाचकाच्या सहसा कानावर येत नाही.

डॉ. फ्रान्सिस्को लुईस गोम्स यांचा जन्म ३१ मे १८२९ रोजी साष्टीतील नावेली येथे झाला. पेशाने वैद्य. १८६० मध्ये ते लिस्बनच्या संसदेवर निवडून गेले. त्यांची ‘ओस ब्राह्मनेस’, म्हणजे ‘ब्राह्मण’, ही कादंबरी १८६६ मध्ये लिस्बन येथे प्रसिद्ध झाली. ती घडते येथून पूर्वेस, फैजाबादेत. रॉबर्ट डेव्हिस हा आयरिश मळेवाला आणि त्याचा ब्राह्मण चाकर माग्नोद यांचा संघर्ष तिच्या मुळाशी आहे. अपमानित माग्नोद पुढे इंग्रजांविरुद्ध उभा ठाकतो. शीर्षकातील अनेकवचन लेखकाने जाणून योजिले आहे. ब्राह्मण शूद्रास लेखतो तसाच गोरा मळेवाला प्रत्येक नेटिव्हास लेखतो, म्हणून तोही ब्राह्मणच! सातच वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या लोकांस अर्पण केला, हे येथे आठवावे.

अमेरिकेचा उल्लेख उगाच नाही. १८६१ मध्ये तेथे यादवी पेटली आणि दक्षिणेतील गुलामांनी पिकविलेला कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला. गोम्स यांनी त्याच वर्षी इंग्लंडच्या कापूस-प्रश्नावर फ्रेंचमध्ये पुस्तिका काढली. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला तेव्हा चढलेला भाव १८६५ मध्ये यादवी संपताच कोसळला आणि कर्ज तेवढे शेतकऱ्याच्या माथी राहिले.

गोम्स यांना क्रांतिकारक ठरविण्याची घाई मात्र करू नये. इंग्रजी राजवटीवर त्यांनी जो आसूड ओढला, त्याची धार पोर्तुगीज राजवटीपाशी बोथट होते. त्यांची भिस्त ख्रिस्ती समतेवर आणि संसदेतील वक्तृत्वावर. अवधच्या उठावातील जमिनीचे कोडे लंडनमध्ये बसलेल्या मार्क्सने जून १८५८ मध्येच, कॅनिंगच्या जाहीरनाम्यावर लिहिताना, नेमके हेरले होते. इंग्रजांनी पुढे तालुकदारांनाच जमिनीचे धनी केले आणि रयत होती तेथेच राहिली. हा तालुकदार माग्नोदच्या कैफियतीत कोठे बसतो, हे वाचकाने कादंबरी हाती घेताना स्वतःस विचारावे. तरीही पराभूत बंडाची बाजू, जेत्यांच्या राजधानीत नव्हे तरी युरोपच्याच एका राजधानीत, इतक्या लवकर मांडणे यास छाती लागते. मायदेशी परतताना ३० सप्टेंबर १८६९ रोजी ते जहाजावरच वारले. वय अवघे चाळीस.