उंच केलेल्या गाडीचं थरथरणारं स्टिअरिंग

रांजणगावला जुळवणी होणारी जीप रँग्लर किंवा सुझुकीची जिम्नी, या गाड्यांचा पुढचा ॲक्सल अखंड असतो. एका चाकाचा धक्का थेट दुसऱ्याला पोहोचतो. गाडी उंच केली, की ॲक्सलला आडवं जागेवर धरणारा ट्रॅक बार जास्त तिरका होतो आणि चाकं आपोआप सरळ आणणारा कॅस्टरचा कोन घटतो. मग कुठला सांधा सैल असेल, तर वेगात खड्डा बसताच स्टिअरिंग भयंकर हलू लागतं. अशा वेळी पुष्कळदा स्टिअरिंग डॅम्पर बदलला जातो. त्याने थरथर थांबली, म्हणजे दोष त्याचाच, असं कुणी म्हणेल. पण डॅम्पर हालचाल फक्त दाबतो; सैल सांधा सैलच राहतो, आणि झीज वाढली की थरथर परतते. चाकांचं बॅलन्सिंग चुकलं असेल, हा आक्षेप रास्त आहे. मात्र ते बहुधा निमित्त असतं, मूळ नव्हे.

म्हणून गाडी जमिनीवरच उभी ठेवून, हँडब्रेक लावून, इंजिन सुरू ठेवावं. मदतनिसाने स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे फिरवावं आणि आपण बाजूने वाकून ट्रॅक बारची दोन्ही टोकं पाहावीत. बोल्ट भोकात सरकताना दिसला, तर दोष तिथेच आहे. पुढे बॉल जॉइंट (असल्यास), टाय रॉडची टोकं, शेवटी कॅस्टर. ही तपासणी होईपर्यंत, कृपा करून, ती गाडी महामार्गावर नेऊ नका.