नंबर चालू ठेवण्याची किंमत

दर जीबीचा भाव पाहिला तर भारताची गणना जगातल्या सर्वांत स्वस्त देशांत होते, हे खरे आहे. पण हा हिशेब भरपूर डेटा वापरणाऱ्याचा झाला. ज्याला फोन यावा, बँकेचा ओटीपी मिळावा, परगावच्या मुलाशी चार शब्द बोलता यावेत एवढेच हवे, त्याच्या लेखी मोबाइलची किंमत म्हणजे नंबर चालू राहावा म्हणून दर 28 दिवसांनी भरावी लागणारी किमान रक्कम. 2018 च्या अखेरीस एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया यांनी 35 रुपयांचे किमान रिचार्ज आणले. नोव्हेंबर 2021 मध्ये एअरटेलची ही पायरी 99 रुपयांवर गेली आणि जुलै 2024 मध्ये 199 वर. या 199 मध्ये अमर्याद कॉल आणि थोडा डेटा मिळतो, हे मान्य. मात्र कमी घेऊन कमी पैसे देण्याची सोय उरली नाही. ही सोय स्पर्धेबरोबर गेली, असे माझे म्हणणे आहे.

1995 मध्ये मोबाइल आला तेव्हा प्रत्येक सर्कलमध्ये, म्हणजे दूरसंचार विभागात, दोनच कंपन्यांना परवाने होते. मुंबईत बीपीएल आणि मॅक्सटच. मिनिटाला 16 रुपयांपर्यंत दर होता, आलेल्या फोनचेही पैसे पडत. 2001 मध्ये एमटीएनएल तिसरी कंपनी म्हणून उतरली, पाठोपाठ चौथे परवाने दिले गेले आणि 2003 मध्ये इनकमिंग मोफत झाले. 2009 मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा हा दर आणला. मिनिटाचे पैसे घेणाऱ्या जुन्या कंपन्यांना मुकाट्याने तोच मार्ग धरावा लागला. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आले आणि दर पुन्हा कोसळले. दर तंत्रज्ञानामुळे उतरले, असे कोणी म्हणेल. खर्च तंत्रज्ञानाने उतरतो. उतरलेला खर्च ग्राहकापर्यंत पोहोचावा, यासाठी कंपनीला गिऱ्हाईक गमावण्याची भीती असावी लागते, आणि ती भीती दर वेळी नव्याने आलेल्या कंपनीने घातली.

पुढे मात्र कंपन्याच कमी होत गेल्या. 2019 पर्यंत एअरसेल आणि रिलायन्स कम्युनिकेशन्स दिवाळखोरीत गेल्या, टेलिनॉर आणि टाटांचा मोबाइल व्यवसाय एअरटेलमध्ये विलीन झाला, व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. आज जिओ आणि एअरटेल या दोघांकडेच देशातले सुमारे तीन चतुर्थांश ग्राहक आहेत. जून 2024 च्या शेवटी तिन्ही खासगी कंपन्यांनी दोन दिवसांच्या आत दरवाढ जाहीर केली. त्यांनी संगनमत केले, असा आरोप मी करत नाही. इतके थोडे खेळाडू असले की संगनमताची गरजच पडत नाही. एकाने दर वाढवला की दुसऱ्याला तो कमी ठेवण्याचे कारण उरत नाही. नंबर पोर्ट करता येतो, हे उत्तर इथे अपुरे आहे, कारण पोर्ट करून जायचे कुठे? सरकारी बीएसएनएलने दर वाढवले नाहीत, तेव्हा त्या एकाच जुलैमध्ये तिला सुमारे 29 लाख ग्राहक मिळाले आणि तिन्ही खासगी कंपन्यांचे ग्राहक घटले. लोक जायला तयार होते. पण बीएसएनएलचे 4जी तेव्हा देशभर पोहोचलेलेच नव्हते.

कंपन्यांची बाजू पोकळ नाही. दरयुद्धाने त्या खचल्या होत्या, आणि ऑक्टोबर 2019 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने एजीआरच्या, म्हणजे महसुलातून सरकारला द्यायच्या हिश्श्याच्या, थकबाकीचा डोंगर अंगावर आला. 5जीचे टॉवर फुकट उभे राहत नाहीत. महसूल वाढायला हवाच होता. प्रश्न तो कोणाकडून, हा आहे. एअरटेलला दरमहा एका ग्राहकामागे मिळणारे सरासरी उत्पन्न 2018 च्या अखेरीस सुमारे 104 रुपये होते, 2024 च्या सप्टेंबर तिमाहीत ते 233 झाले. म्हणजे सव्वादोन पट. याच काळात तळाची पायरी पाच पटींहून वर गेली. ओझे सर्वांवर सारखे पडलेले नाही. आणि सरकार या व्यवहारात त्रयस्थ नाही. स्पेक्ट्रम विकणारे तेच, थकबाकी वसूल करणारे तेच, एप्रिल 2025 पासून व्होडाफोन आयडियात सुमारे 49 टक्क्यांचे भागीदारही तेच. दर चढे राहण्यात ज्याचे हित गुंतले आहे, त्याच्या कृपेवर ग्राहकाला सोडता येणार नाही.

म्हणून जबाबदारी ट्राय या दूरसंचार नियामकावर येते. दर ठरवण्याचे स्वातंत्र्य ट्रायने कंपन्यांना दिले, ते स्पर्धा दर आवरील या भरवशावर. तो भरवसा क्षीण झाला असेल, तर निदान तळाच्या प्लॅनपुरते ते स्वातंत्र्य तपासायला हवे. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने फक्त बोलणे आणि एसएमएस यांचे प्लॅन सक्तीचे केले. दिशा योग्य होती. पण एअरटेलचा असा वर्षभराचा प्लॅन आला तो 1849 रुपयांना. रोजंदारीवर जगणाऱ्याने ही रक्कम एकदम कुठून काढायची? इनकमिंग, ओटीपी आणि थोडी मिनिटे देणारा, 30 दिवसांचा, ट्रायने कमाल दर ठरवलेला एक प्लॅन प्रत्येक कंपनीकडे असलाच पाहिजे. ट्राय विचारविनिमयासाठी मसुदे प्रसिद्ध करते, त्यावर कोणाही नागरिकाला लेखी मत देता येते. कंपन्या आपले म्हणणे वकिलांकरवी मांडतात. यापुढे दरांविषयीचा मसुदा निघेल तेव्हा आपल्या ग्राहक संस्थांनी आणि आपण प्रत्येकाने ही मागणी लिहून पाठवावी, एवढी माझी विनंती आहे.